जुनं बाथरूम, तीस हजारांचं बजेट : टाइल फोडायच्या, रंगवायच्या की आणखी काही?

जेलरोडची_लेक

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला आईबाबांचा फ्लॅट आहे. बिल्डिंग १९९२ सालची, तीन मजली, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम सात बाय पाच, संडास वेगळा. भिंतीला चार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल, त्यावर निळ्या फुलांची पट्टी. पट्टीच्या वर ऑइलपेंट आहे, तो छताजवळ फुगलाय आणि हात लावला की पापडी निघते. टाइल एकही फुटलेली नाही, पण सांधे काळेकुट्ट. खाली तपकिरी गुळगुळीत लादी. खिडकीला काचेच्या पट्ट्या, एक्झॉस्ट नाही.

एका कॉन्ट्रॅक्टरने सगळं फोडून नवीन करायचे सव्वा लाख सांगितले. एवढे आत्ता जमणार नाहीत, हातात तीस हजार आहेत. भाऊ म्हणतो, टाइलवर मारायचा रंग मिळतो तो मार, दोन दिवसांत काम होईल. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१. घरात बाथरूम हे एकच. आणि २०२७ च्या सिंहस्थाला गावाकडची सगळी मंडळी आमच्याकडेच उतरणार, त्याआधी ते नीट व्हावं अशी आईची फार इच्छा आहे.

टाइलचा रंग टिकतो का? नसेल तर तीस हजारांत काय करता येईल?

सातपूरकर

फोडू नका. १९९२ च्या टाइल सिमेंटमध्ये बसवलेल्या आहेत आणि अजून एकही फुटली नाही, म्हणजे गवंड्याने मन लावून काम केलंय. फोडायला गेलात की गिलावाही येतो, आतले पाइपही हलतात आणि मग सव्वा लाखाचे दीड लाख होतात.

निशिगंधा

निळ्या फुलांची पट्टी! आमच्याकडे, मावशीकडे आणि मावशीच्या नणंदेकडेही तीच होती. नव्वद साली नाशिकला दुसरी पट्टी मिळतच नसावी. :)

रंगारी_पंचवटी

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या रंगकाम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगाचा विषय आत्ता बाजूला ठेवा. छताजवळ ऑइलपेंट फुगतोय याचा अर्थ रंगाच्या मागे पाणी आहे. ऑइलपेंटमधून वाफ बाहेर पडत नाही. भिंतीत ओल असली की ती बाहेर यायला बघते, रंग अडवतो, मग फुगा येतो आणि पापडी सुटते. त्यावर जगातला सगळ्यात महाग रंग मारलात तरी एका पावसाळ्यात तो उचलणार. आधी ओल कुठून येते ते शोधा.

त्याची घरच्या घरी परीक्षा आहे. फुगलेली जागा खरवडून घ्या, कोरडं फडकं फिरवा आणि फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. आतून कोरडा आणि बाहेरून दमट असेल तर ती आंघोळीची वाफ. वाफ असेल तर एक्झॉस्ट लावून भागेल. भिंतीतून येत असेल तर प्लंबर आधी, पेंटर नंतर.

आणखी एक बघा. रंगाखाली पांढरी पूड दिसते का? तो खार. पाणी सुकताना सिमेंट-विटांतलं मीठ वर आणून ठेवतं. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, लगेच पाण्याने धुवायचा नाही. धुतला तर विरघळून परत भिंतीत जातो.

इंदिरानगरवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण टाइलच्या रंगाला सरसकट नावं ठेवू नका. आमच्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपूर्वी केला, अजून छान आहे. दोन भागांचा इपॉक्सी घेतला होता, रंग आणि हार्डनर वेगळे येतात तो. पेंटरने टाइल धुण्याच्या सोड्याने घासून साबणाचा थर काढला, मग पॉलिशपेपर मारून चकाकी घालवली, मग प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. फक्त नळाखाली, बादली आपटते तिथे, थोडा उडालाय.

रंगारी_पंचवटी

@इंदिरानगरवाला, तुमच्या पेंटरने काम व्यवस्थित केलंय, म्हणूनच टिकलं. पण ताईंच्या घरी दोन अडचणी आहेत. शेवटचा हात मारल्यावर काही दिवस त्यावर पाणी पडू द्यायचं नसतं, डब्यावर मुदत लिहिलेली असते. एकच बाथरूम असलेल्या घरात हे कसं जमणार? आणि आपल्याकडे बसून बादलीने आंघोळ करतात, पाणी रोज त्याच दोन-तीन फुटांवर आपटतं. शॉवरच्या बाथरूमपेक्षा तिथला रंग लवकर जातो. लादीवर तर हा रंग मी कुणालाच मारू देत नाही.

देवळाली_कॅम्प

थंडीत करणार असाल तर इपॉक्सी सावकाश सुकतो हेही धरा. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडची तर गोष्टच वेगळी.

निशिगंधा

थंडीवरून आठवलं. आमच्या पंचवटीच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. पहाटे आजोबा त्यात बुरकुंडं आणि शेंगांची टरफलं घालायचे. पहिल्या आंघोळीचा मान आजोबांचा आणि शेवटच्याला कोमट पाणी. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर नंबरावरून भांडणं. त्या मोरीला शहाबादी फरशी होती, घासून घासून खडबडीत झालेली. पाय घसरल्याचं मला तरी आठवत नाही.

चिंचबन

बंब आमच्याकडे अजून आहे, चालू स्थितीत! चिंचेने घासला की असा झळाळतो की बाथरूमला दुसरी सजावट नको. पण त्याला धुराडं किंवा मोठी खिडकी हवी. बंद बाथरूममध्ये कधीही पेटवू नका, धूर जिवावर बेततो.

जेलरोडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लास्टिकची परीक्षा केली. कागदाच्या आतल्या बाजूला चक्क थेंब होते आणि कोपऱ्यात पांढरी पूडही निघाली. ओल छताच्या एकाच कोपऱ्यात आहे, माळ्याच्या वर. माळ्यावर चढून भावाने फोटो काढला तर तिथे काळा जाड पाइप आणि वाटीसारखं काहीतरी लोंबतंय, त्याच्या सांध्यावर गंज आणि ओलावा. ते आमचं तर नाही.

सेक्रेटरी_साहेब

ते वरच्या मजल्याचं आहे. त्या काळच्या बिल्डिंगांत वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (जाळीखाली पाणी अडवून धरणारी वाटी) स्लॅबखाली, म्हणजे खालच्याच्या छताला लोंबता असायचा. पाइप बिडाचा. तीस-पस्तीस वर्षांत सांधे सुटतात आणि वरच्यांना पत्ताही नसतो, कारण त्यांचं बाथरूम कोरडंठाक दिसतं.

नक्की करायचं असेल तर वरच्यांना विनंती करा. नहाणीच्या जाळीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फडक्याचा बोळा घट्ट बसवायचा, लादीवर इंचभर पाणी साठवायचं आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करून दिवसभर ठेवायचं. पाणी साठलेलं असताना तुमच्याकडे ओल वाढली तर गळती लादीतून. तेव्हा काही नाही आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर ठिबकायला लागलं तर ट्रॅप किंवा पाइप. दोन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्चही वेगळा, म्हणून हे आधी करा.

आता खर्च कुणाचा? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूम, संडास, सिंक यातून होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची. गच्चीची गळती आणि बाहेरच्या पाइपलाइनी संस्थेकडे. पण थेट पत्र पाठवू नका. आधी वरच्या काकूंना चहाला बोलवा आणि माळ्यावरचा फोटो दाखवा. आमच्या सोसायटीतल्या असल्या तक्रारी चहावर मिटल्यात. ज्या नोटिशीने सुरू झाल्या त्या अजून चालू आहेत.

मखमलाबादकर

चहाला +१. सोबत कोंडाजीचा चिवडा ठेवा, पाइप दुसऱ्याच दिवशी बदलून मिळेल. :)

जुने_गवंडी

सांध्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या टाइल चांगल्या आहेत. बाथरूम जुनाट दिसतंय ते काळ्या सांध्यांमुळे, आणि भिंतीत पाणीही तिथूनच शिरतं. त्या वेळी सांधे पांढऱ्या सिमेंटने भरायचे. ते भेगाळतं, पाणी पितं आणि त्यात बुरशी बसते.

बरेच कारागीर जुन्या सांध्यावरच नवीन माल फासतात. आठ दिवस छान दिसतं, मग पापुद्रे निघतात. सांधा आधी कोरावा लागतो. आम्ही करवतीच्या पात्याचा हातभर तुकडा घेतो, एका टोकाला चिंधी गुंडाळतो आणि सांध्यात उभा धरून ओढत जातो. किमान दोन-तीन मिलिमीटर खोल गेलं पाहिजे. टाइलच्या कडेला पातं लागलं की ग्लेझ उडतो, म्हणून घाई करायची नाही. मग ब्रशने धूळ काढायची, पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि इपॉक्सी ग्राउट भरायचं. ते थोडं थोडंच कालवायचं, कारण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतं. रबरी पट्टीने तिरकं दाबत भरायचं आणि ओल्या स्पंजने लगेच टाइल पुसत जायचं. टाइलवर राहिलेली साय दुसऱ्या दिवशी निघता निघत नाही.

भिंत आणि लादी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नका. तिथे हालचाल असते, भेग पडणारच. तिथे बाथरूमसाठीचा बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि त्यावर एक दिवस पाणी टाकू नका.

पांढऱ्या टाइलला पांढरे सांधे नकोत. फिकट राखाडी घ्या. रोजच्या वापरात खुलून दिसतात.

इंदिरानगरवाला

हे वाचून आमच्याकडेही सांधेच करून घ्यायचं ठरवलं. अशी माहिती दुकानात कुणी देत नाही.

वाफाळलेला_चहा

मी वेगळं सांगेन. टाइलवर टाइल बसवा. मोरबीचा माल लॉटमध्ये स्वस्त मिळतो आणि फोडाफोडही नाही. आमच्याकडे गंगापूर रोडला असंच केलं, घर नवीन वाटायला लागलं.

जुने_गवंडी

होतं तसं, पण आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघावी लागते. पोकळ वाजली की ती काढायची, नाहीतर नवीन टाइल जुनीला घेऊन खाली येते. साधं सिमेंट चालत नाही, टाइलवर टाइलसाठीचं ॲडहेसिव्हच लागतं, पिशवीवर लिहिलेलं असतं. भिंत साधारण अर्धा इंच पुढे येते, म्हणून नळांना एक्स्टेन्शन निपल, म्हणजे नळ पुढे आणणारे जोडतुकडे, लागतात. भिंतीच्या टाइल, ॲडहेसिव्ह, मजुरी आणि निपल मिळून ताईंचे तीस हजार तिथेच संपतील. एक्झॉस्ट आणि नळ राहतील बाजूला. लादीवर मात्र टाइलवर टाइल करायला माझी हरकत नाही. पस्तीस चौरस फुटांचंच काम आहे.

स्मिता_कुलथे_नाही

लादीचा विषय निघाला ते फार बरं झालं, कारण या सगळ्यात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलेले वयस्कर पेशंट माझ्याकडे सतत येतात आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरे मला रोज दिसतात. ७६ आणि ७१ वयाची माणसं ज्या गुळगुळीत लादीवर ओल्या पायाने उभी राहतात, तिथे पहिला पैसा लादीवर जायला हवा. रंग काळा पडला तर काही बिघडत नाही.

मॅट, खरखरीत आणि लहान आकाराच्या टाइल घ्या, बारा बाय बारा किंवा त्याहून लहान. लहान टाइलला सांधे जास्त, त्यामुळे पाय धरतो. दुकानात नमुन्यावर पाणी टाकून अनवाणी उभं राहून बघा, नुसता हात फिरवून कळत नाही. आणि दोन दांडे लावा. एक आत शिरताना, एक आंघोळीच्या जागी, कमरेच्या जरा वर. आईबाबांना तिथे उभं करून, त्यांचा हात सहज जातो तिथे खूण करा. स्टेनलेस स्टीलचे, विटेत खोल जाणाऱ्या अँकर बोल्टवर. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय बऱ्याच आजोबांना असते. ती दांडी माणसाचं वजन पेलायला केलेलीच नसते.

बसायला प्लास्टिकचा पाट असेल तर तो बदला. रबरी पायांचं उंच स्टूल आणा. जमिनीलगत बसून उठणं या वयात गुडघ्यांना फार जड जातं.

जेलरोडची_लेक

बाबा तसंच टॉवेलच्या दांडीला धरून उठतात. वाचून छातीत धस्स झालं. दांडे आजच मागवते.

तारेवरचा_माणूस

घरात काम काढताय तर विजेचंही बघून घ्या. गिझर २ किलोवॅटचा असेल तर ९ अँपियरच्या आसपास करंट घेतो. त्याला १६ अँपियरचा पॉइंट, स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. १९९२ च्या वायरिंगमध्ये बाथरूमच्या आत बटणं असतील तर ती बाहेर घ्या. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल तर बसवाच. अंगातून करंट जायला लागला की ती क्षणात वीज तोडते. साधा एमसीबी ते काम करत नाही.

एक्झॉस्ट सहा इंची पुरे. खिडकीच्या वरच्या दोन-तीन काचा काढून तिथे पत्र्याची किंवा ॲक्रिलिकची पट्टी बसवून त्यात लावतात. आंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि दाराखाली फट असू द्या. बाहेरून हवा आत आलीच नाही तर पंखा नुसता गरगरतो.

सातपूरकर

एक्झॉस्टला +१००. पावसाळ्यात चार महिने आमच्या बाथरूमचं छत काळं पडायचं. पंखा लावल्यापासून नाही.

गोदाकाठची_सून

नळांवर आणि टाइलवर पांढरे डाग असतील तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार. आमच्याकडे पालिकेचं पाणी कमी आलं की सोसायटी बोअर चालू करते आणि आठवडाभरात नळ पांढरे. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. बहुतेक डाग निघतात. मार्बल किंवा कोटा असेल तर तिथे लावू नका, दगड खराब होतो.

जुने_गवंडी

आणि ते पिवळं ॲसिड तर मुळीच नको. सफाईवाले देतात, टाइल चकचकीत होते, पण सांध्याचं सिमेंट खाऊन टाकतं आणि जाळ्या गंजतात. अर्ध्या बिल्डिंगांच्या गळतीला हे ॲसिड कारणीभूत आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

स्मिता_कुलथे_नाही

ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको. बुरशीसाठी ब्लीच टाकलं आणि मागोमाग टॉयलेट क्लीनर ओतला की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये छाती भरून येते. एका दिवशी एकच वापरा आणि भरपूर पाण्याने धुवा.

जेलरोडची_लेक

बऱ्याच दिवसांनी आले. सांगायला आनंद होतोय.

वरच्या काकू चहाला आल्या (चिवडाही होता). फोटो बघून त्यांनाच वाईट वाटलं. पाणी साठवून बघितलं तेव्हा आमच्याकडे काही नाही, बोळा काढला आणि आमच्या माळ्यावर टपटप सुरू. म्हणजे ट्रॅप. त्यांनी स्वतःच्या खर्चाने बिडाचा ट्रॅप आणि पाइप काढून पीव्हीसीचा बसवला. आता तो कोपरा सुकू देतोय. रंगारीदादा, तुमची प्लास्टिकची परीक्षा परत करून मगच रंग.

बाकीचं असं ठरलंय. सांधे कोरून इपॉक्सी आणि कोपऱ्यांत सिलिकॉन, मजुरीसकट साडेसहा हजार. लादीवर मॅट टाइल सहा हजार. गवंड्याने उंबरा मोजला, दोन इंच आहे, त्यामुळे अर्धा इंच लादी वर आली तरी पाणी बाहेर येणार नाही. जाळीला कॉलर लावून ती नवीन लादीच्या पातळीला आणणार. वरची भिंत आणि छत खरवडून रंग, साडेपाच हजार. एक्झॉस्ट आणि त्याचं वायरिंग अडीच हजार. दोन नळ आणि अँगल कॉक साडेतीन हजार. दांडे दोन हजार. झाले सव्वीस हजार. आरसीसीबी भाऊ स्वतःहून बसवून देतोय. लादीचं काम चालू असेल तेव्हा आईबाबा ओझरला मावशीकडे राहतील.

निळ्या फुलांची पट्टी राहणार. आईने ती १९९२ मध्ये स्वतः निवडली होती.

रंगारीदादा, ऑइलपेंटच्या जागी काय मारू? आणि दरवाजा प्लायचा आहे, खालून वीतभर फुगलाय. उरलेल्या चार हजारांत काही होईल का?

रंगारी_पंचवटी

ताई, काम अगदी योग्य क्रमाने लावलंत. रंगाचं सांगतो. खरवडल्यावर जिथे गिलावा निघेल तिथे सिमेंटनेच भरून घ्या. नव्या गिलाव्याला रंगाआधी २८ दिवस द्यायचे असतात, ते द्या. भिंत सपाट करायला लांबी (लेप) भरायची तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, पीओपी अजिबात नको, ते पाणी ओढतं. त्यावर प्रायमर आणि बुरशीरोधक ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात. ऑइलपेंट परत नको. तुमच्याकडे भिंतीचा वरचा भाग साधारण १२० आणि छत ३५ चौरस फूट, दोन हातांना अडीच लिटर पुरेल. छताला पांढराच मारा, म्हणजे पुढे कधी डाग आला तर लगेच दिसेल.

जुने_गवंडी

दरवाज्याचं मी सांगतो. प्लाय फक्त खालून गेला असेल तर खराब भाग सरळ रेषेत कापा, कडेला ऑइलपेंट पाजा आणि आतून फूट-सव्वा फूट ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घ्या. पत्र्याची वरची कड सिलिकॉनने बंद करा, नाहीतर पाणी मागून उतरतं. हजार-बाराशेत होईल. वरपर्यंत फुगला असेल तर मात्र पीव्हीसीचा दरवाजा घ्या, चार हजारांत मिळायला हरकत नाही. बिटकोला हार्डवेअरवाल्यांकडे दोन-तीन ठिकाणी विचारा. चौकटीचं माप खाली, मध्ये आणि वर असं तिन्ही जागी घेऊन जा, जुन्या चौकटी सरळ नसतात. आणि दरवाजा लादी झाल्यावरच घ्या, उंची तेव्हाच कळेल.

जेलरोडची_लेक

वरपर्यंत चांगला आहे, खालीच फुगलाय. पत्राच ठोकून घेते. लादी सोमवारी सुरू होतेय.